उनाच्या बग्गीचे अठ्ठावीस इंची टायर

लिग्नम डाउन्स या गुरांच्या मोठ्या रानावर पाण्याची फेरी उना कर्कवुडकडे होती, आणि ती तिच्याकडून काढून घ्यायची छाती बरीच वर्षं कुणाची झाली नव्हती. फेरी म्हणजे सकाळी निघायचं आणि एकामागून एक सगळ्या बोअर, टाक्या आणि हौद बघत, मोठा गोल वळसा घालून घरी यायचं. हौद भरला की पाणी बंद करणारा फ्लोट अडकलाय का बघायचं, हौदात बुडून मेलेला काकाकुवा काढून टाकायचा, शेवाळ खरवडायचं, गुरांकडे नजर टाकायची. ऐकायला सोपं वाटतं. पण क्वीन्सलंडच्या त्या भागात भर उन्हाळ्यात एक हौद कोरडा पडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर तिसऱ्या दिवशी तिथं गिधाडांच्या भाऊबंदांची पंगत बसते.

उनाच्या हातून असं कधी झालं नाही. नवरा आयव्हर गेला, त्याला मातीत ठेवून लोक घरोघरी परतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाई आपली रानात चालवायची मोटार-बग्गी काढून निघाली. सून ब्रॉनी तेव्हा नवीन होती. "आज तरी राहू दे," ती म्हणाली. उना म्हणाली, "हौदाला कुठं ठाऊक आहे कोण गेलंय ते." लोकांना ते कोरडं वाटलं. मला विचाराल तर त्या फेरीनंच तिला उभं ठेवलं. घरात आयव्हरची खुर्ची रिकामी दिसायची. बाहेर, काळ्या मातीच्या त्या सपाटीवर, तो कुठंच नव्हता आणि सगळीकडे होता, आणि शेजारी डाव्या सीटवर सार्जंट नावाचा कुत्रा बसलेला असायचा.

डाव्या सीटचा तिकडचा कायदा ठरलेला आहे. डावीकडे बसेल त्यानं फाटक उघडायचं आणि लावायचं. पाहुणा असो, जावई असो, बिशप असो, सुटका नाही. फाटक उघडायचं, गाडी पलीकडे जाऊ द्यायची, लावायचं आणि मग चढायचं. सार्जंट बाकी सगळ्या बाबतींत हुशार होता, पण फाटकं त्याला जमत नव्हती. त्यामुळे वाटेतलं प्रत्येक फाटक उनालाच करावं लागे, आणि फाटकं काही एक-दोन नव्हती.

तिची बग्गी म्हणजे दोन सीट, वर पाइपांचा पिंजरा, मागे सामानाचा ट्रे, आणि दारांच्या जागी नुसतं भगदाड. टायर गाडीसोबत आले तेच, पंचवीस इंची. तेही घासून घासून गुळगुळीत झालेले. गिजीच्या झाडाची वाळकी फांदी मोडून जमिनीत खुंट उभा राहतो, तो सुऱ्यासारखा टायरच्या बगलेत घुसतो. त्या वर्षी उनानं इतकी पंक्चरं काढली की ठिगळांचा डबा संपला. आणि मग फेब्रुवारीत, पावसानंतर, बोअरच्या पाटातून जाताना बग्गीचं पोट चिखलावर टेकलं आणि चारही चाकं हवेत फिरायला लागली.

गाडी अडकली तर गाडी सोडायची नाही, हा तिकडचा आणखी एक कायदा. उनानं तो पाळला. वायरलेस नेमका ओला होऊन मुका झाला होता. मुलगा कॅलम शोधत शोधत पोचला तेव्हा दिवस कलला होता. उना बग्गीच्या सावलीत ताडपत्रीवर बसून थर्मासमधला चहा पीत होती.

"उशीर केलास," ती म्हणाली. "केक संपला."

कॅलम हसला नाही. वाटेत त्याच्या डोक्यात काय काय येऊन गेलं होतं ते त्यालाच ठाऊक. घरी आल्यावर, जेवण झाल्यावर, त्यानं विषय काढला. तो चांगला मुलगा होता, आवाज चढवणारा नव्हता, पण एकदा एखादी गोष्ट मनात घेतली की आयव्हरसारखा खांब होऊन बसायचा.

"आई, टाक्यांवर ती यंत्रं बसवू या सगळीकडे. पाणी किती आहे ते फोनवर दिसतं. बग्गी विकून टाकू."

"यंत्रं बसव की. दोन मीच तर बसवलीत," उना म्हणाली. "पण मेलेला काकाकुवा कोण काढणार? फोन?"

"माणूस जाईल आठवड्यातून एकदा. तुला सत्तरी दिसायला लागली. एकटीनं हिंडायचं आता बास."

"अडकली ती बग्गी. मी नाही."

"बग्गी काय आपण होऊन गेली होती तिथं?"

ब्रॉनी भांडी विसळता विसळता हळूच म्हणाली, "टायरच तसले आहेत रे. त्यांच्यावर मीसुद्धा अडकले असते."

सुनेनं असा हात दिला आणि उनानं तो धरला. तिनं टेबलावर बग्गीची किल्ली ठेवली. "ऐक. मी टायर बदलते. मोठे घेते, माझ्या मनानं, माझ्या पैशानं. त्यानंतर एकदा, फक्त एकदा जरी मी अडकले, तर ही किल्ली तुझी. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"नक्की?"

"कर्कवुड आहे मी."

"लग्नानंतरची," कॅलम म्हणाला, आणि तेव्हा कुठं त्याच्या मिशीखाली थोडं हसू आलं.

टायर घ्यायचे ते वंडारी गावातल्या लेस फॅगनकडे. लेसचं दुकान म्हणजे अर्धं टायरचं आणि अर्धं गप्पांचं. उना आत शिरली तेव्हा शेजारच्या तालेवार रानाचा मालक मर्व डगन तिथं पिंपावर बसून मटण भरलेली पाई खात होता, सॉस मिशीला लावून. उनाला मोठे टायर हवेत हे ऐकल्यावर त्याच्या अंगात वारं शिरलं.

"तीस इंची घाल, उना. सरळ तीस. माझ्या बग्गीला तेच आहेत. चिखल आपण होऊन बाजूला होतो."

"आणि तुझा पट्टा किती वेळा जळला रे?"

मर्वनं पाईचा मोठा घास घेतला. लेस हसायला लागला. "सांग की तिला. या हंगामात तिसरा पट्टा विकलाय मी याला."

उनाला हेच हवं होतं. ती टायरकडे बघतच नव्हती, माणसांना बोलतं करत होती. मोठं टायर जड असतं, ते फिरवायला इंजिनाचा पट्टा ताणला जातो, आणि मग भर रानात जळक्या रबराचा वास येतो. तिनं लेसला एकेक विचारलं. कुठल्याला बगलेत किती थर? रुंद घेतलं तर चिखलावर तरंगेल, पण अरुंद घेतलं तर खाली कडक जमिनीला जाऊन पकडेल ना? आमची काळी माती दाट खाचांत भरून राहिली की चाकाचा लाडू होतो, मग खाचा विरळ हव्यात की नकोत? लेस उत्तरं देत गेला. त्यालाही मजा यायला लागली, कारण बहुतेक गिऱ्हाइकं रंग बघून टायर घेतात.

"एक काम कर," शेवटी उना म्हणाली. "अठ्ठावीस रुंद, अठ्ठावीस अरुंद, आणि मर्वचं लाडकं तीस, तिन्हींतला एकेक नग मला घरी दे. चढवून बघते."

"माती लागली तर विकत घ्यावं लागेल."

"पोती गुंडाळते त्यांना. तुझ्या टायरला वारासुद्धा लागणार नाही."

लेसनं असं दुसऱ्या कुणाला दिलं असतं असं वाटत नाही. उनाचा शब्द त्या गावात बँकेत चालला असता.

घरी शेडमध्ये तिनं जे केलं ते बघायला कॅलम हातातलं काम टाकून आला. बग्गीच्या चाकावरच्या कमानीत, आतून, तिनं बंधाऱ्यातली ओली चिकणमाती लिंपली. चांगली अंगठ्याएवढी जाड, हात फिरवून गुळगुळीत केलेली. मग ट्रेमध्ये नेहमीचं ओझं भरलं. पाण्याचे कॅन, पाइपाचे तुकडे, जास्तीचे फ्लोट, जॅक. वर सार्जंटला बसवलं. एकेक टायर चढवायचं, एका चाकाखाली रेल्वेचा जुना स्लीपर, रुळांखालचा लाकडी ओंडका, सारायचा म्हणजे चाक वर दाबलं जातं, आणि मग स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवायचं. आधी उजवीकडे, मग डावीकडे. टायर उतरवलं की चिकणमाती बघायची.

"लोक रिकामी गाडी सपाटीवर उभी करतात, बोट घालून बघतात आणि म्हणतात, बसतंय," उना म्हणाली. "रानात मी रिकामी कधी जाते?"

तीस इंचीनं चिकणमाती पार ओरबाडून नेली. रुंद अठ्ठावीसनं एका कडेनं चाटली. अरुंद अठ्ठावीसनंतर माती जशीच्या तशी होती, तिच्यावर उनाच्या बोटांचे ठसेसुद्धा शाबूत होते. कॅलम वाकून बराच वेळ बघत राहिला.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. पाई करताना वरचं पीठ झाकणाला चिकटतं की नाही ते असंच बघते मी."

अठ्ठावीस इंची, अरुंद, बगलेत आठ थरांचे, विरळ खाचांचे. असे चार घेतले आणि पाचवा जास्तीचा. कॅलमनं स्वतः बसवले, आणि बसवताना तो शीळ घालत होता. गाडी दीड इंच वर आली. जुने टायर झिजलेले होते ते धरलं तर दोनेक इंच. त्या दोन इंचांसाठीच तर सगळा खटाटोप होता, पाटाच्या चिखलावर पोट टेकू नये म्हणून. गाडीतलं जे मोजायचं ते सगळं उनानं मोजलं होतं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. उनाचा उजवा खुबा दोन वर्षांपासून कामातून गेला होता, आणि हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. लंगडली की बुटाला नाव ठेवायची. शेडमध्ये बग्गीशेजारी गुरांना द्यायच्या मिठाच्या चाटणाची रिकामी बादली पालथी पडलेली असायची. तिच्यावर पाय देऊन ती चढायची, आणि ती बादली तिथं का असते हे कुणी विचारलं नव्हतं. रानात फाटकापाशी मात्र बादली नसे. तिथं ती पिंजऱ्याचा पाइप धरून, दात खाऊन, शरीराला झोका देऊन कशीबशी सीटवर जायची. जमत होतं, पण जेमतेम.

पहिल्या फेरीला ती राणीसारखी निघाली. पहिल्या फाटकापाशी उतरली, फाटक उघडलं, परत आली, पाइप धरला, झोका दिला. ढुंगण सीटच्या कडेला आपटलं आणि ती परत खाली आली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिनं सीटवर पोट टाकलं आणि वासरासारखी सरपटत आत गेली. सार्जंट हे सगळं मान तिरकी करून बघत होता.

"कुणाला सांगितलंस तर बघ," उना त्याला म्हणाली. ज्या दोन इंचांसाठी ती भांडली होती, ते तिच्याच खुब्याच्या मापाबाहेर गेले होते. पलीकडे फाटक लावून ती पुन्हा सरपटली, आणि मग त्याच फाटकातून पुन्हा तसंच करत शेडवर परत आली, काहीतरी विसरल्यासारखं दाखवत बादली उचलली आणि निघाली.

बादलीला तिनं दोरी बांधली. फाटकापाशी बादली पालथी ठेवायची, तिच्यावरून चढायचं, दोरीनं बादली वर ओढून घ्यायची. आत बसलं की मग नुसती मौज. फेब्रुवारीत ज्या पाटानं तिला गिळलं होतं त्यातून बग्गी घोड्यासारखी पार झाली. गिजीच्या खुंटांवरून टायर कुरकुरत जायचे आणि एकही पंक्चर नाही. थंडी सुरू होईपर्यंत लेसच्या दुकानात आणखी दोघांनी अरुंद अठ्ठावीस मागितले. मर्वसुद्धा एकदा तिच्या चाकांभोवती फिरून गेला.

जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीतल्या, एका दिवशी, घरापासून सगळ्यात लांबच्या फाटकापाशी, बादलीनं दगा दिला. उन्हानं प्लास्टिक कुजलं होतं. उना फाटक ओलांडून आली होती, उतरून ते लावलं होतं, आणि चढायला बादलीवर पाय दिला तर बादली चिरफाळून ती दाणकन खाली बसली. लागलं फार नाही. पण उठून पाइप धरला आणि तिला कळलं की आज सरपटणंसुद्धा होणार नाही. खुब्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

बग्गी धडधाकट उभी होती, चारही टायर कडक, टाकीत तेल होतं, आणि बाई खाली होती. वायरलेस नवा घेतलेला, बटण दाबलं की कॅलम येणार. येणार, आणि नुसता हात पुढं करणार किल्लीसाठी. उना चाकाला टेकून बसली. मग थोडं रडली. ते सार्जंटशिवाय कुणी बघितलं नाही, आणि तोही दुसरीकडे तोंड करून बसला.

टायरला पाठ लावून बसल्या बसल्याच तिला सुचलं. ज्यानं उंच केलं त्यालाच खाली बसवायचं.

तिनं पुढच्या उजव्या चाकाच्या व्हॉल्व्हमध्ये खिळा दाबून धरला. हवा सूं करत जायला लागली आणि बग्गी हळूहळू तिच्या बाजूला कलली, उंटानं गुडघे टेकावेत तशी. मग तिनं हवा भरायच्या छोट्या कॉम्प्रेसरची नळी त्या व्हॉल्व्हला चिमट्यानं लावली, चिमट्याच्या दांडीला बादलीची दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक दातात धरलं. आता सीट खाली आली होती. ती चढली. चढली म्हणजे कण्हत, शिव्या देत, पण चढली. कॉम्प्रेसरचं बटण स्टिअरिंगपाशी होतं. ते दाबलं आणि टायर तिला घेऊन पुन्हा वर यायला लागला. पुरेसा कडक झाल्यावर दोरीला हिसका दिला, चिमटा निसटला, नळी ओढून घेतली, आणि निघाली.

पुढं आणखी फाटकं होती. उघडी टाकून ती सरळ घरी येऊ शकली असती, कुणाला कळलंही नसतं. पण एका बाजूला कालवडी होत्या आणि दुसऱ्या बाजूला वळू, आणि फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं हा तिकडचा पहिला कायदा. बाकी सगळे त्याच्या नंतर. प्रत्येक फाटकाला उघडायला उतरली, लावायला उतरली, आणि दर वेळी तो टायर बसवला आणि उठवला. घरी पोचली तेव्हा व्हरांड्यावर दिवा लागला होता आणि कॅलम ट्रकच्या किल्ल्या हातात घेऊन पायरीवर उभा होता.

"कुठं होतीस?"

"हौद घाण होता."

तो बग्गी शेडमध्ये लावायला म्हणून गेला आणि तिथून परत आला तो कपाळाला आठ्या घालून. पुढच्या उजव्या टायरच्या बगलेवर धूळ बसली होती आणि धुळीत घडीच्या रेघा उमटल्या होत्या. टायर पार बसल्याशिवाय तशा रेघा पडत नाहीत, आणि त्या एकावर एक, कितीतरी होत्या.

"आई, टायर बसतोय. दिवसभर हवा भरत आलीस ना? आठ थर म्हणे. उद्या लेसला फोन करतो. असला माल माथी मारतो म्हणजे काय?"

उना नुसती गप्प बसली असती तरी भागलं असतं. टायर खराब निघाला, ती काय करणार? लेस बदलून देईल, खुब्याचं झाकलेलं राहील. ब्रॉनीनं पुढ्यात सूप ठेवलं होतं, त्यात ती चमचा फिरवत राहिली. मग तिनं चमचा खाली ठेवला.

"टायरला नाव ठेवायचं नाही," ती म्हणाली. "टायर उत्तम आहे. त्या मापाचा टायर या रानात दुसरा नाही. बसलेय ती मी."

आणि तिनं सगळं सांगितलं. खुबा, बूट, बादली, दोरी, खिळा. ब्रॉनीनं मध्येच तोंडावर हात ठेवला. कॅलम ऐकत होता, टेबलाकडे बघत. सांगून झाल्यावर उनानं खिशातून किल्ली काढून त्याच्या पुढ्यात सरकवली.

"अडकली होतीस?" त्यानं विचारलं.

"नाही. उशीर झाला."

"मग ही कशाला?"

"तू मागण्याआधी दिलेली बरी."

त्यानं किल्ली उचलली आणि खिशात टाकली. "डॉक्टरची तारीख घे," एवढंच म्हणाला. "आणि रविवारपर्यंत कुठं जाऊ नकोस. फेरी मी करतो."

ते दिवस उनाला फार जड गेले. कॅलम ट्रक घेऊन सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा, घामानं निथळलेला, आणि हौदांबद्दल विचारलं तर "ठीक आहेत" म्हणायचा. ती घरात या खिडकीतून त्या खिडकीत जायची. दोन केक केले आणि दोन्ही करपवले. संपलं, असं तिनं मनाशी धरलं होतं. बग्गी कुणाला विकली जाईल याचाही विचार झाला होता, आणि मर्वला तर नाहीच असं तिनं ठरवलं होतं.

सोमवारी सकाळी कॅलमनं चहाच्या कपाशेजारी किल्ली ठेवली.

"जा. बादली नेऊ नकोस."

"म्हणजे?"

"जा म्हटलं ना."

शेडमधल्या दुसऱ्या बादलीवरून ती चढली आणि निघाली. पहिल्या फाटकापाशी ती उतरली, साखळी काढली, फाटक ढकललं आणि जागच्या जागी थांबली. पलीकडे, गाडी जिथं येऊन उभी राहील तिथं, नेमक्या उजव्या बाजूला, जमिनीत रेल्वेचा स्लीपर रोवला होता. चांगली रुंद पायरी. कडा तासून गोल केलेल्या. वर रबराची पट्टी खिळ्यांनी ठोकली होती, बूट घसरू नये म्हणून. पट्टीवरची ठिगळं तिनं ओळखली. तिचेच जुने पंचवीस इंची टायर कापून पट्टी केली होती. म्हणजे असे स्लीपर सगळ्या फाटकांना असणार. चार दिवस हा मुलगा घाम गाळत होता तो यासाठी, आणि ती घरात बसून त्याला मनातल्या मनात नावं ठेवत होती.

तिनं नाक पुसलं, वळून बग्गीकडे आली, आणि मग तिच्या लक्षात आलं. फाटकाच्या अलीकडे, जिथं बग्गी आता उभी होती, तिथं काहीच नव्हतं. नुसती जमीन.

उना खो खो हसायला लागली. कितीतरी महिन्यांत ती अशी हसली नव्हती. कॅलम सगळं करून बसला होता डाव्या सीटच्या हिशेबानं. डावीकडचा माणूस एकदाच उतरतो आणि फाटकाच्या पलीकडे एकदाच चढतो. एकट्याला दोनदा चढावं लागतं, आधी अलीकडे, मग पलीकडे, हे उडी मारून ट्रकमध्ये चढणाऱ्या त्या पोराच्या डोक्यात आलंच नव्हतं.

कॉम्प्रेसर ट्रेमध्ये होता. खिळा खिशात होता. तिला वाटलं असतं तर टायर बसवून ती दहा मिनिटांत वर बसली असती. तिनं हात लांब करून वायरलेसचा माइक ओढला आणि बटण दाबलं. त्या चॅनेलवर आजूबाजूची सगळी रानं ऐकत असतात हे तिला पक्कं माहीत होतं.

"कॅलम."

"बोल, आई."

"तू जन्मात कधी एकट्यानं फाटक ओलांडलंयस का रे?"

खरखरीतून कॅलमचा आवाज आला, हळू. "अरे देवा. अलीकडची बाजू."

"अलीकडची बाजू," उना म्हणाली. "मी खाली आहे. खुबा वर चढत नाही."

कुठल्यातरी लांबच्या रानातून मर्व डगन फिसकन हसला आणि पटकन गप्प झाला. मग त्याचाच आवाज आला, "उना, माझ्याकडे स्लीपर पडलेत बरेच. पाठवतो."

"पाठव," उना म्हणाली. "आणि चॅनेल सोड."

"आई," कॅलमनं विचारलं, "म्हणजे अडकलीस तू?"

उनानं फाटकाकडे बघितलं, पलीकडच्या पायरीकडे बघितलं, तिच्यावर ठोकलेल्या जुन्या टायरकडे बघितलं.

"अडकले," ती म्हणाली. "ये."

तो आला तेव्हा ट्रकमध्ये शेडमधले उरलेसुरले स्लीपर होते. त्यानं तिथं एक टाकला, पायानं दाबून बघितला. उना त्यावरून चढली आणि स्टिअरिंगला बसली. ती त्याच्या हाताकडे बघत होती, तो किल्लीसाठी पुढं येतोय का म्हणून. कॅलमनं स्लीपर बग्गीच्या ट्रेमध्ये भरले, वळसा घालून डाव्या बाजूला आला आणि सार्जंटला म्हणाला, "मागं हो, फाटकं मी बघतो."